पिकअपचे कवच आणि इंधनाचा जमाखर्च

डांबरी सडक संपते तेथून पुढे ज्याला आपली पिकअप नेमाने न्यावी लागते, मग तो सह्याद्रीच्या कुशीतील बागाईतदार असो, घाटमाथ्यावरच्या कच्च्या वाटांनी यंत्रसामग्री पोहोचविणारा ठेकेदार असो, अथवा दुर्गम प्रदेशाच्या ओढीने लडाखपर्यंत मजल मारणारा प्रवासी असो, त्याच्यापुढे आज ना उद्या एक प्रश्न येऊन ठेपतोच. गाडीच्या पोटाखाली, कडांना आणि पुढेमागे अधिक संरक्षण बसवावे काय, बसविल्यास किती बसवावे, आणि त्यापायी इंधनाचा जो वाढीव खर्च पदरी येईल तो कोठवर सोसावा, असे या प्रश्नाचे स्वरूप आहे. इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ साली आणि टोयोटाची हायलक्स २०२२ साली भारतात आल्यापासून हा प्रश्न आपल्याकडे अधिकच ऐरणीवर आला आहे. कारण चारही चाकांना जोर देणारी, दणकट चासीवर उभी असलेली आणि मागे हौदा असलेली ही वाहने शेतीकामालाही चालतात आणि दूरच्या मोहिमेलाही चालतात, आणि या दोन्ही उपयोगांच्या गरजा मात्र सारख्या नसतात.

या बाबतीत मालकांचे दोन पक्ष पडलेले दिसतात. एक पक्ष बाजारात मिळणारे प्रत्येक लोखंडी संरक्षण गाडीवर चढवितो आणि ॲव्हरेज का घटले याची कारणे मग अन्यत्र शोधीत बसतो. दुसरा पक्ष वाढलेल्या प्रत्येक किलोला इतका भितो की खडकाळ वाटेवर ऑइल चेंबर उघडा ठेवूनच गाडी घालतो. दोघांचीही चूक एकाच जागी आहे, आणि ती म्हणजे संरक्षणाची किंमत ते केवळ वजनात मोजतात. वस्तुतः संरक्षणापायी इंधन किती जाईल हे, त्या संरक्षणाचे वजन किती यापेक्षा, ते गाडीच्या कोणत्या भागावर बसविले आहे यावर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. पोटाखालचे कवच इंधनाच्या दृष्टीने जवळजवळ नगण्य भावात मिळते. टपावर, वाऱ्याच्या तोंडी आणि चाकांत जे चढते ते मात्र दर किलोमीटरला आपली वसुली करीत राहते. हा भेद ज्याच्या नीट ध्यानी आला, त्याला पुढचे बहुतेक निर्णय आपोआप सुचतील.

इंधन कोठे खर्ची पडते

सपाट महामार्गावर एकसारख्या वेगाने चालणाऱ्या गाडीला मुख्यतः दोन विरोधांशी झुंजावे लागते : एक हवेचा आणि दुसरा रस्त्यावर टायर फिरण्याचा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की तो चौपट होतो, आणि गाडीचे वजन किती आहे याच्याशी त्याचा काहीही संबंध नसतो. गाडीचे समोरून दिसणारे क्षेत्रफळ किती आणि तिची ठेवण किती बोथट, एवढेच तो पाहतो. टायरचा विरोध मात्र वजनाच्या प्रमाणात वाढतो आणि वेगाने त्यात तितकासा फरक पडत नाही.

सव्वादोन-अडीच टनांच्या घरातील पिकअप ताशी १०० किलोमीटर वेगाने चालली आहे असे समजून ढोबळ गणित मांडले, आणि एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असून तिचा जेमतेम तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो हे ध्यानी घेतले, तर दर १०० किलोमीटरमागे हवा कापण्यात पाच लिटरांच्या आसपास आणि टायर फिरविण्यात अडीच लिटरांच्या आसपास डिझेल खर्ची पडते असे दिसून येईल. म्हणजे महामार्गावर दोन-तृतीयांश इंधन वारा खातो. हवेचा विरोध दहा टक्क्यांनी वाढेल असे काही गाडीवर चढविले, तर दर १०० किलोमीटरला सुमारे अर्धा लिटर डिझेल जादा लागेल; आणि तेवढेच जादा डिझेल केवळ वजनामुळे लागावे यासाठी त्याच सपाट रस्त्यावर गाडीत चारपाचशे किलोंचा बोजा टाकावा लागेल. ही तुलना या सबंध विषयाचे मर्म आहे.

आता घाटाचा आणि गर्दीचा विचार करू, कारण वजनाची खरी परीक्षा तेथे होते. कोकणपातळीवरून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाताना सुमारे १,३०० मीटर उंची चढावी लागते. एवढी उंची १०० किलो जादा वजन वर नेण्यासाठी जे डिझेल जळते ते, इंजिनाची कार्यक्षमता जमेस धरूनही, सुमारे १२० मिलिलिटर इतकेच भरते. शहरात शंभर वेळा थांबून प्रत्येक वेळी पुन्हा ताशी ६० किलोमीटरचा वेग घेतला, तरी त्या १०० किलोंपायी जाणारे इंधन अदमासे तितकेच असते. अमेरिकेच्या सरकारी इंधन-मार्गदर्शनातही, गाडीत १०० पौंड म्हणजे सुमारे ४५ किलो जादा वजन असल्यास ॲव्हरेज साधारण एक टक्क्याने घटते, असेच सांगितलेले आहे. या सर्वांचा मेळ घालून, घाट, गाव आणि महामार्ग अशा मिश्र वापरात १०० किलोंमागे दर १०० किलोमीटरला ०.२ लिटर जादा डिझेल लागते असे धरले, तर वर्षाला १५,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला ३० लिटर जादा लागेल; लिटरमागे ९० रुपये भाव धरल्यास ही रक्कम २,७०० रुपये होते. दगडावर आपटून फुटलेला ऑइल चेंबर, वाहून गेलेले तेल, ते तसेच चालू राहिल्यास जळणारे इंजिन आणि निर्मनुष्य घाटातून गाडी ओढून आणण्याचा खर्च यांच्यासमोर ही वार्षिक रक्कम ठेवून पाहावी, म्हणजे योग्य जागी बसविलेल्या कवचाचा विमाहप्ता किती हलका आहे याची खात्री पटेल.

प्रथम कोणते अवयव राखावेत

संरक्षणाची निवड करताना विचारावयाचा प्रश्न असा की, कोणता अवयव दुखावला असता गाडी जागच्या जागी थांबेल. पत्र्याला पोचे पडल्याने प्रवास थांबत नाही. तेल, पाणी किंवा इंधन धरून ठेवणारे भांडे फुटले म्हणजे मात्र तो थांबतो. या दृष्टीने ऑइल चेंबर आणि रेडिएटरची खालची कड यांना पहिला मान द्यावा लागतो, त्यानंतर गिअरबॉक्स व पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी ट्रान्स्फर केस आणि त्यानंतर डिझेलची टाकी येते. कंपनीकडून येणारी पोटाखालची पुढची संरक्षक पट्टी पुष्कळदा पातळ असते, आणि तिचे काम खडकाचा भार पेलणे हे नसून उडणारे खडे व चिखल थोपविणे एवढेच असते. म्हणून गाडी उंच उभी करून, खाली जाऊन, आपल्या गाडीवर मूळचे काय आहे ते स्वतः पाहून घेतल्याशिवाय बाजारातील काहीही विकत घेऊ नये.

पिकअपच्या बाबतीत मधल्या भागाचे महत्त्व अन्य गाड्यांहून अधिक आहे. हायलक्सच्या पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर ३,०८५ मिलिमीटर असून एकूण लांबी सव्वापाच मीटरांहून अधिक आहे. दोन चाकांमधील अंतर जितके मोठे, तितके उंचवट्याच्या माथ्यावरून जाताना गाडीचे पोट टेकण्याचे भय मोठे. आखूड जीप जो बांध सहज ओलांडते, त्यावर पिकअप मध्यभागी टेकून अधांतरी राहू शकते, आणि अशा वेळी सगळा भार ट्रान्स्फर केसच्या खालच्या पट्टीवर किंवा दाराखालच्या उंबऱ्यावर येतो. म्हणून केवळ पुढची पट्टी बदलून समाधान मानणे पिकअपच्या मालकाला परवडणारे नाही. मधली पट्टीही तितकीच आवश्यक समजावी.

दाराखालच्या कडांना बसविले जाणारे स्लायडर आणि केवळ चढण्या-उतरण्याच्या सोयीचे फूटबोर्ड यांच्यात घोटाळा करू नये. स्लायडर थेट चासीला जखडलेला असतो आणि गाडीचे अर्धे वजन खडकावर टेकले तरी ते पेलण्याची ताकद त्याच्यात असावी लागते. शोभेचा फूटबोर्ड मात्र पहिल्याच आघातात वाकून दाराचा पत्रा आत ढकलतो, म्हणजे त्याच्या असण्याने नुकसान कमी न होता उलट वाढते. ज्याची वाट खडकांची नाही त्याने स्लायडरचे वजन वाहू नये, आणि ज्याची आहे त्याने फूटबोर्डाच्या भरवशावर जाऊ नये.

भूमी पाहून कवच

आपल्या प्रदेशाची भूमी एकसारखी नाही, आणि कवचही सर्वत्र सारखे लागत नाही. सह्याद्रीच्या घाटांत व घाटमाथ्यावर काळ्या बेसाल्टचे कठीण, धारदार कोपऱ्यांचे दगड असतात आणि पावसाळ्यात दरडींबरोबर ते वाटेत येऊन पडतात. येथे भक्कम पट्टी हवी. कोकणातील जांभा तुलनेने मऊ व सच्छिद्र असला, तरी चाकोऱ्या खोल गेल्या की त्याचा मधला उंचवटा पोटाला लागतो, आणि शिवाय समुद्राकडची खारट हवा लोखंडाला गंज चढविते. मराठवाडा व विदर्भातील काळ्या कसदार जमिनीत दगडाचे भय थोडे. तेथे पावसानंतर चिकणमातीच गाडीला धरून ठेवते, आणि मोठ्या पट्ट्यांच्या पाठीमागे साचणारा चिखल हाच नवा बोजा होऊन बसतो. अशा मुलुखात पोटाखालच्या कवचावर पैसा घालण्याऐवजी टायर, ओढण्याचा पट्टा आणि चासीला पक्के जखडलेले हुक यांवर तो घालणे शहाणपणाचे ठरेल. लडाख-स्पितीकडे जाणाऱ्याला नदीपात्रातील गोल दगड व पाण्याखाली दडलेले खड्डे यांची तजवीज करावी लागते; तेथे पुढची व मधली पट्टी या दोहोंचा उपयोग होतो.

धातू आणि बसवणी

पोलाद आणि ॲल्युमिनिअम यांमधील निवड भावनेने नव्हे तर आकड्यांनी करावी. पोलादाची घनता ७.८५ आणि ॲल्युमिनिअमची २.७ आहे. एक चौरस मीटरची ४ मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी सुमारे ३१ किलो भरते, तर तेवढीच ६ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनिअमची पट्टी सुमारे १६ किलो. फरक १५ किलोंचा. त्यामुळे जाणारे इंधन वर केलेल्या हिशेबाने वर्षाला चार-पाच लिटरांचे. म्हणून केवळ इंधन वाचवावे या हेतूने ॲल्युमिनिअमसाठी अधिक रक्कम मोजणे युक्त नाही. धारदार खडकावर घासताना पोलाद सहसा सरकते व वाकते, ॲल्युमिनिअम मात्र ओरखडून खडकाला धरू पाहते. उलट खारट हवेत ॲल्युमिनिअम लोखंडासारखे गंजत नाही, पण पोलादी बोल्ट त्याला थेट भिडले तर ओलाव्यात जोडाजवळ त्याची झीज होते, म्हणून मध्ये योग्य वॉशर व लेप असावा. घाटमाथ्यावरील मालकाने चांगल्या लेपाचे पोलाद घ्यावे, किनाऱ्यालगत राहून क्वचितच खडकावर जाणाऱ्याने ॲल्युमिनिअमचा विचार करावा.

पट्टी कोणती यापेक्षाही ती कशी बसविली आहे याला अधिक महत्त्व आहे. ती चासीच्या मूळच्या छिद्रांतून, क्रॉस मेंबरला धरून बसावी. चासीला नवी छिद्रे पाडणे किंवा वेल्डिंग करणे कटाक्षाने टाळावे. ऑइल बदलण्यासाठी पूर्ण पट्टी उतरवावी लागू नये, म्हणून खाली झाकण असलेले छिद्र असावे. हवेचा प्रवाह अडू नये यासाठी तिला खाचा असाव्यात, कारण गिअरबॉक्स व इंजिन यांच्याभोवती उष्णता कोंडली तर घाटात त्यांचे तापमान वाढते. आधुनिक डिझेल गाड्यांतील धूर गाळणारी डीपीएफ यंत्रणा स्वतःला स्वच्छ करताना अत्यंत तापते. तिच्याजवळच्या पट्टीवर वाळलेले गवत साचून राहिले तर आग लागण्याचा धोका खरा आहे. म्हणून उन्हाळ्यात गवताळ माळावरून आल्यावर खाली वाकून गवत काढणे, आणि पावसाळ्यात पट्टीमागचा चिखल पाण्याच्या झोताने धुणे, या दोन गोष्टी कवचाच्या मालकाने नित्यकर्म मानाव्यात. पट्टी गाडीच्या पोटाला चपखल बसलेली असली तर हवेला तिचा जवळजवळ अडथळा होत नाही. तिची पुढची कड मात्र वाऱ्याच्या तोंडी लोंबत राहू नये.

इंधनाचे खरे भक्षक

आता ज्या गोष्टींपायी इंधन खरोखर जाते त्यांच्याकडे वळू. पहिली म्हणजे टपावरचे कॅरिअर आणि त्यावरील पेट्या, दिव्यांच्या रांगा व जादा टायर. अमेरिकेच्या त्याच सरकारी मार्गदर्शनानुसार टपावरील मोठ्या बोथट पेटीमुळे ॲव्हरेज शहरात दोन ते आठ टक्के आणि महामार्गावर सहा ते सतरा टक्के घटू शकते, आणि ताशी १०५ ते १२० किलोमीटरच्या वेगाला हीच घट दहा ते पंचवीस टक्क्यांवर जाते. ते आकडे मोटारींवरचे आहेत, आणि आधीच बोथट असलेल्या पिकअपवर घट शेकड्याने काही कमी भरेल, परंतु नियम तोच राहतो. पिकअपला हौदा आहे तो सामानासाठीच. तेव्हा टपावर काही ठेवण्यापूर्वी ते हौद्यात मावेल काय हे पाहावे, आणि कॅरिअर लागलेच तर मोहीम संपताच उतरवून ठेवावे.

दुसरे भक्षक म्हणजे टायर. मोठ्या नक्षीचे, चिखलासाठी घडविलेले टायर फिरताना अधिक विरोध करतात. तो विरोध चौथ्या हिश्शाने वाढला तरी दर १०० किलोमीटरला अर्ध्या लिटराहून अधिक डिझेल जादा लागते, म्हणजे १०० किलो कवचापायी लागते त्याच्या तिप्पट. ज्याचे आठवड्यातील सहा दिवस डांबरावर जातात त्याला मध्यम नक्षीचे, दोन्हीकडे चालणारे टायरच रास्त. दगडाच्या धारेने बाजू फाटण्याचे भय असल्यास नक्षी वाढविण्याऐवजी बाजूची भिंत अधिक भक्कम असलेला टायर निवडावा.

तिसरी गोष्ट हवा. खडकावर वा वाळूत जाताना टायरमधील हवा कमी करणे हे स्वतःच एक उत्तम संरक्षण आहे, कारण नरम टायर दगडाला वळसा घालतो, पकड वाढवितो आणि चासीला बसणारे धक्के कमी करतो. आणि यासाठी एक पैसाही लागत नाही. परंतु डांबरावर परत येताच हवा पूर्ववत भरली पाहिजे. चारही टायरांतील हवा सरासरी १ पी.एस.आय.ने घटली तर ॲव्हरेज सुमारे ०.२ टक्के कमी होते, आणि त्याहून गंभीर म्हणजे कमी हवेचा टायर महामार्गावर तापून फुटू शकतो. म्हणून गाडीत बॅटरीवर चालणारा लहान हवेचा पंप व दाबमापक ठेवणे, हे कोणत्याही लोखंडाआधी करावयाचे काम समजावे.

चौथी गोष्ट गाडी उचलून उंच करण्याची. जमिनीपासूनची उंची वाढल्याने पोट टेकण्याचा संभव घटतो हे खरे. परंतु गाडीखालून अधिक हवा जाते, गुरुत्वमध्य वर सरकतो, आणि चाकांचे आस व त्यांच्या सांध्यांवरील रबरी बूट यांच्यावरचा ताण वाढतो. मधली पट्टी बसवून व वाट निवडण्याचे कौशल्य वाढवून जे साधते, ते साधण्यासाठी गाडी उंच करणे हा शेवटचा उपाय मानावा.

वजन कोठे पडते

इंधनाच्या मानाने कवचाचे वजन थोडे भरले, तरी ते अन्य मार्गांनी परिणाम करते, आणि तेथे मात्र दुर्लक्ष करू नये. पुढच्या चाकांच्या आसापासून ९० सेंटीमीटर पुढे अडकलेली गाडी ओढून काढणारी ५० किलोंची विंच बसविली, तर ३,०८५ मिलिमीटर अंतराच्या पिकअपमध्ये पुढच्या चाकांवर ५० नव्हे तर सुमारे ६५ किलो भार वाढतो आणि मागच्या चाकांवरून सुमारे १५ किलो उचलला जातो. रिकाम्या हौद्याच्या पिकअपची मागची चाके आधीच हलकी असतात. ती आणखी हलकी झाली म्हणजे ओल्या घाटात मागची बाजू सरकण्याची प्रवृत्ती वाढते, नाक खाली जाते आणि हेडलाइटचा झोत बिघडतो. म्हणून वजन शक्य तितके खाली आणि दोन चाकांच्या मध्ये ठेवावे. पोटाखालच्या पट्ट्या व स्लायडर नेमके तेथेच असतात, हा त्यांचा आणखी एक गुण.

शिवाय जेवढे कवच वाढते तेवढी सामान वाहण्याची मुभा घटते. आर.सी.वर गाडीचे रिकामे व कमाल भरलेले वजन नमूद केलेले असते. कवच, डिझेलने भरलेली टाकी आणि नेहमीची माणसे यांच्यासह गाडी जवळच्या वजनकाट्यावर न्यावी, पुढची चाके व मागची चाके वेगळी तोलून घ्यावीत आणि मिळालेल्या पावत्या गाडीच्या कागदपत्रांत जपून ठेवाव्यात. ऊस वा धान्य तोलणाऱ्या काट्यावर हे काम किरकोळ खर्चात होते, आणि त्यानंतरचे सर्व निर्णय अंदाजाऐवजी आकड्यांवर उभे राहतात.

कायद्याची मर्यादा

पुढच्या बाजूला जाडजूड लोखंडी क्रॅश गार्ड वा बुल बार लावण्याची प्रथा आपल्याकडे बोकाळली होती. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना अशा अनधिकृत गार्डांविरुद्ध कारवाई करण्याचे निर्देश दिले, कारण मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ला ते विसंगत ठरतात. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येणार नाही असा निर्णय दिला; आणि २०१९ च्या सुधारणेनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, अथवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली आहे. या बंधनामागचे कारण पटण्याजोगे आहे : ताठ लोखंडी चौकट आघात शोषून घेण्याऐवजी तो थेट चासीकडे पोहोचविते, एअरबॅगच्या संवेदकांचे गणित बिघडविते आणि पादचाऱ्याला होणारी इजा कितीतरी पटीने वाढविते. ज्या साधनाने आतला माणूस सुरक्षित होत नाही आणि बाहेरचा माणूस अधिक धोक्यात येतो, त्याला संरक्षण म्हणणे उचित नव्हे.

तेव्हा कंपनीने मान्य केलेल्या उपसाधनांपासून सुरुवात करावी, आणि त्यापलीकडचे काहीही बसविण्यापूर्वी परिवहन कार्यालयाकडे व विमा कंपनीकडे लेखी खातरजमा करून घ्यावी. अपघातानंतर दाव्याच्या वेळी तोंडी आश्वासनाला किंमत राहत नाही. टायरही उत्पादकाने मान्य केलेल्या मापातलाच असावा.

मोजणी कशी करावी

कवचाने ॲव्हरेज किती घटले हे कळावयाचे असेल, तर कवच बसविण्यापूर्वीचे ॲव्हरेज विश्वासाने नोंदलेले असले पाहिजे. एकाच पंपावर, एकाच नळीवर, टाकी भरून घ्यावी. नेहमीच्या वाटेवर गाडी चालवावी. पुन्हा तेथेच भरावी. आणि असे निदान तीन वेळा करून सरासरी काढावी. एका भरणीवरून काढलेला निष्कर्ष वारा, पाऊस, गर्दी आणि ओझे यांच्यामुळे सहज फसवतो. कवच बसविल्यावर हीच रीत पुन्हा अवलंबावी, म्हणजे दोन नोंदींची रुजवात घालता येईल.

या मोजणीत दोन ठिकाणी सावध राहावे. पहिले म्हणजे मोठे टायर लावल्यास किलोमीटर मोजणारे यंत्र कमी अंतर दाखविते. २६५/६० मापाचा १८ इंची टायर सुमारे ७७५ मिलिमीटर व्यासाचा असतो, आणि २६५/६५ मापाचा सुमारे ८०२ मिलिमीटरचा. म्हणजे प्रत्यक्ष १०० किलोमीटर गेले असता यंत्र ९७ हूनही थोडे कमी दाखविते, आणि ही दुरुस्ती न केल्यास ॲव्हरेज घटल्याचा खोटा आभास होतो. दुसरे म्हणजे लिटरमागे किलोमीटर ही आपली मोजण्याची रीत खर्च नीट दाखवीत नाही. ॲव्हरेज १४ वरून १३ वर आले तर १०० किलोमीटरला सुमारे अर्धा लिटर जादा लागतो, पण १० वरून ९ वर आले तर १.१ लिटर. घट दोन्हीकडे एकाचीच दिसते, खर्च मात्र दुप्पट होतो. म्हणून हिशेब नेहमी १०० किलोमीटरला किती लिटर लागले या मापाने मांडावा.

निर्णयाचा क्रम

वर सांगितलेल्या सर्व गोष्टी एका क्रमात बसविल्या तर मालकाचा मार्ग सुलभ होईल. आरंभी दाबमापक, हवेचा पंप, ओढण्याचा पट्टा आणि भक्कम बाजूचे मध्यम नक्षीचे टायर घ्यावेत. त्यानंतर, वाट खडकाळ असल्यास, ऑइल चेंबर व रेडिएटरखालची पट्टी आणि मधली पट्टी बसवावी. एवढे करून वर्षभर गाडी चालवावी आणि खाली कोठे ओरखडे पडले ते पाहावे. आपल्या वाटेला कोणते संरक्षण हवे याचा सर्वांत विश्वासू दाखला ते ओरखडेच देतात. दाराखालच्या कडांना खुणा दिसल्या तर स्लायडर, टाकीच्या पट्टीला दिसल्या तर ती अधिक जाड, आणि कोठेच काही दिसले नाही तर आणखी काहीही नको. टपावरचे सामान, गाडीची वाढविलेली उंची आणि पुढचे जड साहित्य यांचा विचार सर्वांत शेवटी, आणि तोही ठरावीक मोहिमेपुरताच करावा.

आणि जे डिझेल कवचापायी जाते ते भरून काढण्याचा उपायही चालकाच्या स्वाधीन आहे. महामार्गावर ताशी १०० ऐवजी ९० किलोमीटरचा वेग ठेवला, तर हवेचा विरोध १९ टक्क्यांनी घटून दर १०० किलोमीटरला सुमारे एक लिटर डिझेल वाचते. पोटाखालच्या सर्व पट्ट्या आणि स्लायडर मिळून जेवढे मागतात त्याच्या कितीतरी पट ही बचत आहे. खडकाळ वाटेवर उतरून, पायी पुढे जाऊन, चाक कोठे ठेवावयाचे ते पाहण्याचा कंटाळा न करणाऱ्या आणि डांबरावर वेगाचा मोह आवरणाऱ्या मालकाला संरक्षण आणि ॲव्हरेज यांपैकी एकाचा त्याग करण्याची वेळ सहसा येत नाही. ज्याने वाट पाहिली, काट्यावर वजन केले आणि भरणीची वही राखली, त्याने निःशंक मनाने आपल्या गाडीला लागेल तेवढेच कवच चढवावे, आणि त्याहून एक पट्टीही अधिक चढवू नये.